तुमचं रान, आमचं वावर

आबा,

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुमची नखं हिरवी होती. सुरतेत, उधन्याच्या आमच्या खोलीत तुम्ही मला सून म्हणून बघायला आला होतात. मी चहाचा कप पुढे केला, तर तो धरणारी सगळी बोटं पोपटाच्या रंगाची. मान खाली घालून बसायचं अशी आईची सक्त ताकीद होती, त्यामुळे तुमच्या हातांखेरीज मला दुसरं काही दिसलंच नाही. नवरा मुलगा, विलास, शेजारीच बसला होता, तो दिसायला कसा आहे हे मला नंतर आईला विचारावं लागलं. तुम्ही पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होतात आणि त्या दिवसांत हिरव्या साड्यांचा माल चालू होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आईने तुमच्या नखांवरून स्वतःचा निष्कर्ष काढून ठेवला होता.

त्याला कारण तुमचं बोलणं. माझे वडील, म्हणजे बापू, तसे धुळ्याकडचे. घरात अहिराणी बोलायचे, पण त्या दिवशी पाहुण्यांसाठी त्यांनी ठेवणीतली मराठी बाहेर काढली होती. त्यांनी विचारलं, गावाकडे जमीन वगैरे काय आहे? तुमचं गाव सांगोल्याच्या बाजूचं. तुम्ही मांडी सारखी केलीत आणि म्हणालात, "जमीन कसली, नुसतं रान हाय बघा. गाव संपलं की आमचंच रान. घरबी रानातच."

बापूंनी चहाचा कप खाली ठेवला. मग अगदी जपून त्यांनी विचारलं, की रान म्हणजे जनावरं येत असतील.

"येत्यात की," तुम्ही खूश होऊन म्हणालात. "दिसभर रानात हिंडत्यात आन सांजच्याला अंगणात येऊन बसत्यात. आता सून आली की तिच्याच हवाली करायची."

आत आईने दुसऱ्यांदा ठेवलेला चहा गॅसवरून उतरवला आणि बेसिनमध्ये ओतून दिला.

तुम्ही गेल्यावर आमच्या घरात जे झालं ते मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. बापूंनी दार लावून घेतलं आणि अहिराणीवर आले. "मनी पोर मी रानमा देवाव नही." आमच्याकडे रान म्हणजे जंगल. जिथे नांगर लागलेला नाही, माणूस राहत नाही, बिबट्या राहतो, ते रान. नांगरलेल्या, पेरलेल्या जमिनीला आम्ही वावर म्हणतो. आई म्हणाली, तुम्ही नखं पाहिली का त्यांची, झाडपाल्याचं औषध देणारे दिसतात. बापू म्हणाले, असतील, पण बिबट्यावर कसलं औषध चालतं. मी कोपऱ्यात बसून साडीवर टिकल्या लावत होते, घरबसल्या आम्हा बायकांचं ते नेहमीचं काम. अंगणात संध्याकाळी वाघ-बिबटे ओळीने येऊन बसलेत आणि मी पदर खोचून त्यांच्यात उभी आहे, असं काहीतरी डोळ्यांसमोर येत होतं. खोटं कशाला बोलू, थोडी गंमतही वाटत होती.

स्थळाला नकार गेला. विहारातल्या ज्या काकांनी हे स्थळ आणलं होतं, त्यांना बापूंनी कारण सांगितलंच नाही. समाज एक, विचार एक, मुलगा चांगला, नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? नुसतं 'जमत नाही' एवढंच कळवलं.

दुसऱ्या कुणी असा नकार मुकाट्याने घेतला असता आणि मुलाला दुसरं स्थळ पाहिलं असतं. तुम्ही मात्र कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी एकटेच आमच्या दारात हजर. या वेळी नखं जांभळी. बापूंना म्हणालात, मुलगी देऊ नका, पण काय खटकलं ते सांगा, नाहीतर मला जेवण जायचं नाही. बापू बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, की एकुलती एक मुलगी जंगलात कशी द्यायची.

"जंगल कुठलं?" तुम्ही विचारलंत.

पुढची दुपार तुम्हा दोघांची ओट्यावर गेली. मी खिडकीच्या आड उभी राहून सगळं ऐकत होते. बापू म्हणत होते, पेरता ना, ज्वारी काढता ना, मग वावर म्हणा की सरळ. तुम्ही म्हणालात, "वावर माणसाचा असतो, पाव्हणं. अमक्याचा घरात वावर हाय म्हणतो आपन. जमीन कुठं वावरती? ती जाग्यावर असती." बापूंनी तो वार सहन केला आणि नीट समजावून सांगायला लागले, की रान हा मोठा शब्द आहे, वावर त्याच्या पोटातला. सगळं वावर रानात असू शकतं, पण सगळं रान काही वावर नव्हे. तेव्हा ज्याला जे म्हणतात ते म्हणावं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, मग बरोबरच झालं, मोठा शब्द हाताशी असताना लहानाच्या मागं कशाला लागायचं?

बापूंनी मग मुद्द्याचं विचारलं. जनावरं कोणती?

"दोन म्हशी, एक खोंड, आन शेळ्या."

आई आतून चहा घेऊन बाहेर आली. साखर जरा जास्तच घातली होती तिने.

असं आमचं लग्न जमलं. एका शब्दाने मोडलं आणि दोन म्हशींनी जुळवलं, असं तुम्ही राहायचात त्या नवागामच्या अख्ख्या गल्लीला सांगत फिरलात. नवागामच्या त्या दीड खोलीत मी आले तेव्हा सासऱ्यापुढे पदर घेऊन उभं राहायचं, विचारलं तेवढंच बोलायचं, एवढं शिकून आले होते. सासूबाई तर आधीच गेलेल्या, घरात बाईमाणूस मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला खाटेकडे बोट दाखवून बस म्हणालात. मी उभीच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाद घालायचा तर बसून घालावा पोरी. उभ्यानं माणूस लौकर हारतं." त्या दिवसापासून मी बसायला लागले. मला समोर बसवून माझं म्हणणं काय आहे हे विचारणारे तुम्ही पहिलेच. माझ्या घरातसुद्धा मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि बापूंवर माझा जीव आहे तरी हे खरंच आहे.

माझी बाजू अर्थात वावराची. तुमची रानाची. रुळापलीकडे दिंडोलीच्या अंगाला मोकळी जागा होती, बाभळी आणि चिखल, तिथे तुम्ही सकाळी फिरायला जायचात आणि जाताना 'रानात जाऊन येतो' म्हणायचात. मी म्हणायचे, ही बिल्डरची जागा आहे आबा, रान नाही. कारखान्याच्या मागे सांडपाण्याच्या काठावर गवत उगवलं तेही तुमच्या लेखी रान. पिंकी झाली तेव्हा दवाखान्याबाहेर निंबाखाली तुम्ही बसून होतात आणि विलासनी 'आबा कुठे गेले' म्हणून शोधलं, तर चौकीदाराने सांगितलं की म्हातारबाबा रानात बसतो म्हणाले. विलास बिचारे रस्त्यावर शोधत फिरले.

एकदा हा वाद आपण कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडे नेला. ते पक्के सुरती. त्यांनी तराजू खाली ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "रान एटले जंगल." मी इतकी खूश झाले की गरज नसताना गुळाची ढेप घेतली. तुम्ही वाटेत म्हणालात, "ज्याच्या मुलखात टेकाडसुदीक न्हाई, त्याला रान काय विचारती?" घरी येईपर्यंत तुमचा राग गेला नव्हता. गूळ मात्र तुम्हीच संपवलात.

मग ते प्लेगचं साल आलं. गल्लीत एका सकाळी कुलपंच कुलपं दिसायला लागली. तोंडाला रुमाल बांधून माणसं डोक्यावर ट्रंका घेऊन स्टेशनकडे निघाली होती. संचे, म्हणजे कापडाचे माग, बंद पडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी नवागाम शांत ऐकलं. बापू आणि आई धुळ्याकडे जाणार होते. एसटीडी बूथवरून बापूंनी गावाला फोन लावला, तर त्यांच्याच चुलतभावांनी सांगितलं, की सुरतेहून आता कुणी येऊ नका, गाव घाबरलं आहे. बापू बूथमधून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मला पाहवेना. तुम्ही त्यांच्या हातातली पिशवी घेतलीत आणि एवढंच म्हणालात, "चला पाव्हणं. आमच्या रानात चला."

एसट्या बदलत, पिंकीला मांडीवर घेऊन आपण सांगोल्याकडे पोचलो. तुमच्या गावाच्या फाट्यावर लोक उभे होते. त्यांनी लांबूनच हात करून सांगितलं, सुरतेची माणसं गावात यायची नाहीत, रानातच राहा. बापू परत पांढरे पडले. तुम्ही मात्र हसायला लागलात. "गावानं आपल्याला बाहेर ऱ्हावा म्हनायचं ह्यात नवं काय हाय, पाव्हणं? आपली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच." आणि गावाकडे वळूनही न बघता पायवाटेला लागलात.

शेवटी मी ते रान पाहिलं. दगड. दगडांमध्ये थोडी माती. एक निंबाचं झाड, चार बाभळी, एक पडकी विहीर, पत्र्याचं घर. अंगणात खरोखरच संध्याकाळी जनावरं येऊन बसली होती. तुमची थोरली लेक, अक्का, ती सगळं सांभाळायची. तिने आम्हाला भाकरी वाढली आणि सुरतेचं एक अक्षर विचारलं नाही. बापू सकाळी उठून बांधावर गेले. त्यांनी वाकून माती हातात घेतली, चोळली, फुंकली. मग अत्यंत प्रामाणिकपणे निकाल दिला, की हे रान नाही आणि वावरही नाही. "हाई बरड शे."

बरड म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. काही पिकत नाही ती जमीन. तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात. दिवसभर तुम्ही दोघे घराच्या दोन टोकांना बसून होतात आणि मध्ये खोंड उभा. प्लेगने नाही मेलो तर अबोल्याने मरू, असं आई मला म्हणाली. माझा जीव खरंच थाऱ्यावर नव्हता. बापूंना जायला दुसरी जागा नव्हती, आणि तुमच्या तोंडून एक जरी शब्द वाकडा गेला असता तरी ते पिशवी उचलून निघाले असते, कुठे ते माहीत नसताना.

तुम्ही शब्द काढला नाहीत. तुम्ही तिसऱ्या प्रहरी तिफण बाहेर काढलीत. शाळूच्या पेरणीचे दिवस होते, जमिनीत ओल होती. गड्यामाणसांनी सुरतेच्या लोकांच्या भीतीने पाठ फिरवलेली. विलासना संचे चालवता यायचे, तिफण नाही. तुम्ही बैल जुंपलेत, एक आपला खोंड आणि एक अक्काने कुठूनसा आणलेला, आणि बापूंकडे न बघता म्हणालात, की बी सोडायला चाड्यावर मूठ धरणारा माणूस पाहिजे.

बापू उठले. कितीतरी वर्षं मिलमध्ये काढलेला माणूस, पण त्यांनी मूठ धरली आणि बी असं सारखं पडत गेलं की अक्का हातातली घागर खाली ठेवून बघत राहिली. तुम्ही दोघे एकमेकांशी न बोलता त्या दगडांतून वर-खाली करत होतात. बैलांशी मात्र दोघेही बोलत होतात, तुम्ही तुमच्या भाषेत, बापू अहिराणीत, आणि बैलांचा पार गोंधळ उडाला होता. एकाला वळ म्हटलं की दुसरा थांबायचा.

उगवण झाली तेव्हा बापू भल्या सकाळी तुम्हाला उठवायला आले. हिरव्या रेघा उठल्या होत्या, विरळ, पण होत्या. बापू म्हणाले, "आते हाई वावर झाये." तुमच्या जमिनीला त्यांच्याकडून मिळालेली ती सगळ्यात मोठी पदवी होती. तुम्ही डोळे चोळत उभे होतात. म्हणालात, "झालं असंल. पन हाय रानच."

मग दोघे जे हसायला लागलात ते अक्का ओरडेपर्यंत थांबला नाहीत.

त्यानंतर सुरत पुन्हा चालू झाली, आपण परत आलो, संचे सुरू झाले. तुमची नखं पुन्हा रंगली. बापू दर सुट्टीला उधन्याहून नवागामला यायला लागले, भांडायला. मी मधोमध बसून टिकल्या लावायचे आणि वेळ पडली की वावराच्या बाजूने बोलायचे.

या पावसाळ्याच्या शेवटी तुमची छाती भरली. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. त्या सकाळी तुम्ही उशीवरून मान वर केलीत आणि म्हणालात, "मला रानात न्या." विलास डॉक्टरांना विचारायला धावले, की गावाला हलवता येईल का. मी म्हटलं, आबांना मोकळी हवा पाहिजे, खिडकीपाशी घेऊ. तेवढ्यात तिथल्या गुजराती सिस्टरने ऐकलं. रान म्हणजे जंगल, आणि जंगलाला जायचं म्हणजे परसाकडे जायचं, हे इकडे सगळ्यांना ठाऊक. तिने शांतपणे पडदा ओढला आणि खाटेखालचं भांडं काढून तुमच्यापुढे धरलं.

तुम्ही आधी त्या भांड्याकडे पाहिलंत. मग माझ्याकडे. तुमचा चेहरा इतका अपमानित झाला होता की मला हसू आवरेना, आणि मी हसले म्हणून तुम्हीही हसायला लागलात. खोकला उसळला, सिस्टर आम्हा दोघांना रागवायला लागली. "बघ," तुम्ही म्हणालात, "हितं प्रत्येकाचं रान येगळं." एवढं बोलून तुम्ही डोळे मिटलेत. नंतर तुम्ही पुष्कळ वेळा पाणी मागितलंत, पिंकीचं नाव घेतलंत, पण माझ्याशी वाद म्हणून जे शेवटचं बोललात ते हेच. तुम्हाला नेमकं कुठे न्यायचं होतं, हे मी भांड्याच्या गडबडीत विचारलंच नाही.

तुम्ही गेलात. विहारातून माणसं आली, वंदना झाली. अस्थी कुठे न्यायच्या यावरून घरात बोलणं निघालं. गल्लीतले लोक म्हणाले तापीत सोडा, जवळ आहे. विलास म्हणाले, गावाकडे आपल्या शेतात नेऊ. तेव्हा बापू, जे दोन दिवस भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, शेतात वगैरे काही नाही. माणसाने रान म्हटलं होतं. रानातच न्यायचं. आणि मी सोबत येणार.

परवा आम्ही जाऊन आलो. तुमच्या गावच्या फाट्यावर या वेळी कुणी अडवलं नाही. अक्का बांधावर उभी होती. विलास मडकं घेऊन विचारात पडले, की रान म्हणजे नांगरलेला तुकडा, की वरचा दगडांचा भाग, की ओढ्याचा काठ. बापू सरळ चालत मधोमध गेले. ढेकळांत उभे राहून त्यांनी पायाखाली बोट दाखवलं आणि म्हणाले, "आठेच. हाईच रान शे."

इतक्या वर्षांचा वाद त्यांनी असा सोडला, आबा, आणि ऐकायला तुम्ही नाही. मला रडू फुटलं. पण अक्काला ही सगळी हकिगत कुठे ठाऊक? ती बापूंना समजावून सांगायला लागली, की मामा, तुम्ही उभे आहात ते रान, एवढं खरं. पण वर दगड दिसतात तो माळ. खाली ओढा. पलीकडे पट्टी. ज्याला त्याला ज्याचं त्याचं नाव आहे इकडे.

बापू चकित होऊन म्हणाले, याही तर सगळ्याला रान म्हणायचे. याही म्हणजे व्याही, तुम्हाला ते तसंच म्हणत.

"त्ये आबाच तेवढं," अक्का म्हणाली. "आमच्यात कुनी न्हाई म्हनत तसं. गावातनं जाताना आबा खाली बघून चालायचं, गप. गाव संपलं की मान वर. मग समदं रानच. मोठ्यानं बोलायचं, गानी म्हनायचं. घर बांदलं तर घरालाबी रानच म्हनायचं."

म्हणजे बघा. आम्ही दोघं बापलेक इतकी वर्षं सांगोल्याच्या भाषेशी भांडतोय असं समजत होतो, आणि त्यातली निम्मी सांगोल्याची नव्हतीच, तुमची एकट्याची होती. बापू मटकन ढेकळावर बसले. आधी त्यांना हसू आलं, कारण तुम्ही त्यांना साफ फसवलं होतंत. हसता हसता ते थांबले आणि बराच वेळ टोपीने तोंड पुसत राहिले. विलासनी त्यांच्यापुढे मडकं धरलं. बापूंनी मूठ भरली. पेरताना धरतात तशी मूठ, सारखी, जपून. ढेकळांत टाकली, वर माळाच्या दगडांवर जाऊन टाकली, ओढ्याच्या काठाला टाकली, अक्काच्या अंगणात निंबाखाली टाकली. एकही जागा सोडली नाही. गुडघे दुखतात त्यांचे, पण कुणाला हात लावू दिला नाही.

मडकं रिकामं झालं तेव्हा ते बांधावर उभे राहिले, मान वर करून, आणि गावापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

"जा याही. जठे फिरशात तठे रानच शे."